इंदूर–ओंकारेश्वर–महेश्वर–मांडू : पाच दिवसांच्या सायकल सहलीसाठी सामान किती घ्यावे?

राजेंद्रनगरवासी

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात इंदूरहून सिमरोलमार्गे घाट उतरून बडवाह, मोरटक्का आणि ओंकारेश्वर, तेथून मागे बडवाहला येऊन मंडलेश्वर व महेश्वर, पुढे धामनोदमार्गे मांडू आणि शेवटी धारवरून इंदूर असा सुमारे २८० ते ३०० किलोमीटरचा फेरा सायकलने करण्याचा विचार आहे. एका दिवसात शंभर किलोमीटर चालवण्याची सवय आहे. मात्र सामान लादून आणि रात्री बाहेर मुक्काम करून जाण्याची ही पहिलीच वेळ आहे.

सायकल ७०० सी चाकांची हायब्रिड असून पुढे तीन व मागे सात गिअर आहेत. पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही २८ दात्यांचीच आहे. सायकलचे वजन साडेचौदा किलो, माझे ७२. जमवलेल्या सामानाची यादी अशी : तंबू २.६ किलो, स्लीपिंग बॅग १.४, चटई ०.६, गॅसची छोटी शेगडी व भांडी मिळून दीड, कपडे ४, कॅमेरा १.२, कुलूप व साखळी १, खाण्याचे जिन्नस २, अवजारे ०.७, स्नानाचे वगैरे १, जादा बूट ०.८, पॉवर बँक अर्धा किलो आणि खुद्द दोन पॅनिअरचे (कॅरिअरच्या दोन बाजूंना अडकवायच्या पिशव्यांचे) वजन १.८. एकूण १९ किलोच्या थोडे वर जाते आणि त्यात पाणी धरलेले नाही. अवजारांत एक ट्यूब, पंक्चरची पेटी, हातपंप आणि ॲलन कीचा संच आहे.

घरातील मंडळींच्या मते हे सामान अपुरे आहे; सकाळी बरोबर सायकल चालवणाऱ्या मित्रांच्या मते हे बिऱ्हाड आहे. अनुभवी सदस्यांनी यातील काय काढावे, काय ठेवावे आणि कोणत्या कसोटीवर ठरवावे हे सांगितल्यास आभारी राहीन.

घाटउतार

प्रथम एक समज दूर करतो. सामान कमी केल्याने आपण फार वेगाने पोहोचाल असे नाही. महेश्वरपासून मांडूपर्यंतची चढाई ढोबळमानाने साडेचारशे मीटर धरा. सायकल, आपण, सामान आणि पाणी मिळून १०८ किलो होतात. सरासरी १०० वॅटच्या जोराने पायडल मारले, तर केवळ उंची गाठण्यासाठी साधारण सव्वा तासाचे श्रम लागतात. सामानातून ९ किलो काढले तर त्यातील सुमारे ४० किलोज्यूल वाचतात, म्हणजे सहा ते सात मिनिटे. पाच दिवसांच्या प्रवासात सहा-सात मिनिटांसाठी कोणी तंबू घरी ठेवू नये. तो ठेवायचा असेल तर कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण गुडघ्यांचे. आपल्या सायकलचा सर्वांत हलका गिअर एकास एक आहे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. सात टक्क्यांच्या चढावर एवढ्या वजनासह १०० वॅटच्या जोरावर सायकल ताशी साडेचार किलोमीटरच्या आतच राहते आणि पायडलचे फेरे मिनिटाला तेहतीसच्या आसपास येतात. इतक्या मंद गतीने जोर लावत तासभर चढले की गुडघे बोलू लागतात. याला उपाय सामान काढणे हा आहेच, पण त्याहून मोठा उपाय मागचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच, बदलणे हा आहे. सात गिअरचे १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील बाजारात मिळते. २८ च्या जागी ३४ दात्यांची चकती आली की पायडलवर लावावा लागणारा जोर जवळजवळ १८ टक्क्यांनी घटतो. १०८ किलोंच्या हिशेबात तो १९ किलो उतरवल्याइतका होतो, म्हणजे आपले सगळे सामान. अर्थात चाल तेवढीच मंदावते, पण गुडघे वाचतात. मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा) लांब पिंजऱ्याचा नसेल तर ३४ दाते त्याला पेलणार नाहीत, म्हणून आधी मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी आणि फ्रीव्हील बदलताना चेनही तपासून घ्यावी, कारण झिजलेली चेन नव्या दात्यांवर उड्या मारते.

दुसरे कारण उताराचे, आणि नवखे लोक त्याचा विचारच करत नाहीत. सिमरोलनंतर माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. १०८ किलो वजन साडेतीनशे मीटर खाली आले की जवळपास ३७० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर गार पाणी उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही आहे. मोकळ्या सरळ उतारावर तिचा बराच भाग वाऱ्याच्या विरोधात जातो, पण घाटात ट्रकांच्या मागे रेंगाळत वेग आवरत उतरलात तर बहुतेक सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असतील तर पॅड चकाकतात आणि धरेनासे होतात. ब्रेक सतत घासत ठेवू नये, थोडा वेळ घट्ट दाबून सोडावा आणि मध्ये दोनदा थांबून चाके निवू द्यावीत. वजन जितके कमी, तितका हा सगळा प्रकार सौम्य होतो. माझ्या मते सामान हलके करण्याचे खरे कारण चढात नसून उतारात आहे.

आणि परतीसाठी धारचा रस्ता निवडला आहे तो उत्तम आहे. धामनोद–मानपूर या आग्रा–मुंबई महामार्गावरील घाटाच्या मोहात पडू नये. अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन तेथे झालेल्या अपघातांची ख्याती सर्वांना ठाऊक आहे.

आउट काढणारा

यादी वाचली. जे वाटेत कोठेही मिळते ते आपण १२ किलो घेतले आहे आणि जे इंदूर सोडल्यावर मिळणार नाही ते पाऊण किलोही नाही.

मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो : ही वस्तू मोडली, संपली किंवा राहून गेली, तर दुसरी किती लांब मिळेल? साबण, बिस्किटे, मोजे, गूळ-शेंगदाणे, सेल, दोरी हे सगळे बडवाहलाही मिळते आणि धामनोदलाही. आपल्या चाकाची ट्यूब मात्र मिळण्याची खात्री नाही. गावातील सायकल दुकानात २६ इंची आणि जुन्या उभ्या सायकलची २८ इंची ट्यूब असते. त्या २८ इंची चाकाच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि आपल्या ७०० सीचा ६२२. ३८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ती ट्यूब अडीअडचणीला बसवता येते, परंतु त्यातही मेख आहे. तिचा व्हॉल्व्ह जाड असतो. आपल्या रिमला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हपुरतेच छिद्र असेल तर तो आत जाणारच नाही. रिमचे छिद्र आधी पाहून ठेवा. ते मोठे असेल तर मोटारसायकलसारख्या श्रेडर व्हॉल्व्हच्या ट्यूब वापरा, म्हणजे महामार्गावरील कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल. प्रेस्टाच असेल तर त्यावर नेहमीचा पंप बसवण्याचे पितळी ॲडॉप्टर दोन घ्या. तो बोटाच्या पेराएवढा असतो आणि नेमका तोच हरवतो.

एक ट्यूब पुरणार नाही, दोन घ्या. निमाडात बाभळीचे काटे एकावेळी दोन-दोन ठिकाणी घुसतात, आणि काटा टायरमध्ये तसाच राहिला तर नवी ट्यूबही शंभर पावलांत पंक्चर होते. रबर सोल्यूशनची फोडलेली ट्यूब बरोबर नेऊ नये, ती वाळलेली निघते. न फोडलेली न्यावी.

आता स्पोक. सामान मागच्या चाकावर असते आणि मागच्या चाकाचे गिअरच्या बाजूचे स्पोक अधिक ताणात असतात, म्हणून तुटायचा तो बहुधा तेथेच तुटतो. त्या बाजूच्या स्पोकची लांबी दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित कमी असते, तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन-दोन मोजून घ्यावेत आणि फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत. तो स्पोक बदलण्यासाठी फ्रीव्हील काढावे लागते. गावातील मिस्त्रीकडे मोठा पान्हा असतोच, पण आपल्या फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा रिमूव्हर त्याच्याकडे असेलच असे नाही. तो छोटासा तुकडा आपण न्यावा, पान्हा त्याचा वापरावा. त्याला चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणे आपल्यापेक्षा चांगले येते, फक्त नेमका सुटा भाग त्याच्या हाती दिला पाहिजे.

याखेरीज चेन जोडण्याच्या दोन कड्या, चेन टूल, एक जोड ब्रेक पॅड, गिअरची एक तार, कॅरिअरचे पाच मिलिमीटरचे चार बोल्ट, जुन्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या. एवढ्याने अवजारांचे वजन दीड किलोच्या आत राहते. बाकी सगळे कमी करा, हे वाढवा.

कॅरिअरबद्दल आपण काहीच लिहिले नाही. सीटच्या दांड्याला चिमट्याने बसणाऱ्या कॅरिअरची क्षमता बहुधा दहाएक किलो असते. फ्रेमला बोल्टने बसणारे आणि २५ किलो क्षमतेचे असेल तर काळजी नाही, पण ती क्षमता गुळगुळीत रस्त्यासाठी आहे असे समजून निम्म्यावरच थांबावे. बोल्ट रोज संध्याकाळी हाताने चाचपून पाहावेत.

मंडलेश्वरकर

मुक्कामाविषयी लिहितो, कारण आपल्या यादीतील सहा किलो केवळ मुक्कामाच्या धास्तीने आले आहेत.

नर्मदेच्या या पट्ट्यात रात्री छप्पर मिळत नाही असे सहसा घडत नाही. ओंकारेश्वरला शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास आहे, धर्मशाळा आहेत, पर्यटन महामंडळाचे निवास आहे. महेश्वर व मांडू येथेही महामंडळाची निवासस्थाने आणि लहानमोठी लॉज आहेत. मात्र डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे नाताळच्या सुट्या, आणि मांडूला तर अर्धे इंदूर उतरते. तेथील खोली आधी ठरवून ठेवावी. तीन ठिकाणी आगाऊ फोन केला की तंबू, चटई आणि स्लीपिंग बॅग घरी राहतात. आपल्याकडे म्हणतातच, पग पग रोटी, डग डग नीर. अशा मुलखात शेगडी कशासाठी न्यावी तेही कळले नाही. सकाळी पोहे न मिळणारे गाव या वाटेवर मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काठावर परिक्रमावासींसाठी आश्रम आणि सदावर्ते आहेत, आणि चातुर्मास संपल्यावर परिक्रमा सुरू होत असल्यामुळे हिवाळ्यात तेथे पायी चालणाऱ्यांची गर्दी असते. ‘नर्मदे हर’ म्हणून गेलात तर आपल्यालाही कोणी नाही म्हणणार नाही, पण ती जागा आणि ते अन्न ज्यांच्यासाठी आहे ते आधी. सहलीला निघालेल्याने ती फुकटची सोय समजून आपले ओझे हलके करू नये. अडचण आली तर जावे, जमेल तशी सेवा किंवा दान करावे.

त्या परिक्रमावासींची झोळी एकदा पाहा मात्र. अंथरायला एक, पांघरायला एक, कपड्यांचा जादा जोड, कमंडलू, आणि नर्मदाजलाची कुपी. काही महिने ते एवढ्यावर काढतात.

तंबूवाला

वरील सर्वांशी आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. आधी ठरवलेल्या खोल्यांचा अर्थ असा की संध्याकाळी त्या खोलीपर्यंत पोहोचलेच पाहिजे. स्पोक तुटला, वारा उलटा लागला किंवा नदीकाठचा एखादा घाट आवडून तेथेच दुपार गेली, तर ती खोलीच घाई करायला लावते आणि अंधारात ट्रकांच्या रस्त्यावर सायकल चालवण्याची वेळ येते. तंबू बरोबर असला की थांबणे आपल्या हाती राहते.

तरीही या विशिष्ट फेऱ्यासाठी तंबू नेऊ नका, असेच मी म्हणेन, कारण मुक्कामांतील अंतरे कमी आहेत. नेणारच असाल तर स्लीपिंग बॅग आणि चटईशिवाय तो नेण्यात अर्थ नाही. डिसेंबरात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खाली येतो आणि जमीन अंगातील ऊब ओढून घेते. तिन्ही वस्तू न्याव्यात किंवा एकही नेऊ नये. शेगडीच्या गॅसची डबी मात्र परतीला रेल्वेचा विचार मनात असेल तर मुळीच नको, ज्वलनशील पदार्थ गाडीत नेण्यास मनाई आहे.

राजेंद्रनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. तंबूच्या तिन्ही वस्तू आणि शेगडी बाजूला ठेवली, म्हणजे सहा किलोंहून अधिक गेले. रिमचे छिद्र पाहिले. ते मोठे आहे, त्यामुळे श्रेडर व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब घेतो. कॅरिअर फ्रेमला बोल्टने बसणारे आहे. फ्रीव्हीलसाठी मेकॅनिककडे जाणार आहे.

दोन प्रश्न उरतात. कपडे चार किलोंवरून किती खाली आणता येतील? आणि सामान कमी झाल्यावर दोन्ही पॅनिअर न्यावेत की सगळे एकाच बाजूला भरावे?

नर्मदाकाठ

कपड्यांचे उत्तर मी देते, कारण पुरुष मंडळी या विषयावर दोन ओळींत आटोपतात.

कपडे दिवसांवर मोजू नका; धुण्यावर आणि वाळण्यावर मोजा. सायकलवरचे दोन जोड पुरतात : एक अंगावर, एक आदल्या रात्री धुतलेला. निमाडातील हिवाळी दुपार कोरडी व उन्हाची असते, त्यामुळे रात्री ओला राहिलेला सदरा पॅनिअरवर ट्यूबच्या पट्टीत अडकवला की दोन तासांत वाळतो. हे सिंथेटिक कापडाविषयी खरे आहे. जाड सुती बनियन आणि जीन्स मात्र दुसऱ्या दिवशीही दमट राहतात. जीन्स घरीच राहू द्या. संध्याकाळी देवळात किंवा बाजारात जाण्यासाठी एक सैल पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा कुर्ता, जो झोपतानाही चालतो. टॉवेलऐवजी पंचा घ्या. तो अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, उन्हात मान झाकायला आणि कॅमेऱ्याभोवती गुंडाळायलाही उपयोगी पडतो.

थंडीसाठी एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ लोकरीचा एक थर आणि वर वारा अडवणारे जाकीट घ्या. इंदूरहून पहाटे निघताना थंडी असेल, घाटाच्या उतारावर वारा अंगात शिरेल आणि बडवाहला पोहोचेपर्यंत सगळे काढावेसे वाटेल. तेव्हा जाकीट पॅनिअरच्या तळाशी न ठेवता वरच ठेवा. हातमोजे आणि कानटोपी विसरू नका. जादा बुटांऐवजी साधी रबरी चप्पल नेली की घाटावरच्या ओल्या पायऱ्यांवरही चालते. हे सगळे मिळून दीड ते दोन किलो होते.

ज्या मैत्रिणी हा धागा वाचत असतील त्यांच्यासाठी : पॅड, लागणारी औषधे आणि खोलीच्या दाराला आतून लावता येईल असे एक छोटे कुलूप हे वजनाच्या हिशेबात धरूच नका, ते न्यायचेच. एकटीने जात असाल तर पहिल्या मुक्कामाची खोली आधी ठरवावी आणि ती तळमजल्यावर मागावी, म्हणजे भरलेली सायकल जिन्याने चढवावी लागत नाही. मांडूच्या किंवा महेश्वरच्या एखाद्या लॉजमध्ये वरच्या मजल्यावर सायकल नेऊन पाहिली की सामानाचा प्रश्न आपोआप सुटतो.

आणि पॅनिअरमध्ये थोडी जागा मोकळी ठेवा. महेश्वरला जाऊन रिकाम्या हाताने इंदूरला परतलेले घरी कसे चालेल? सुदैवाने माहेश्वरी साडी वजनाला अगदी हलकी असते.

आउट काढणारा

एका बाजूला मुळीच भरू नका. सायकल सतत एकीकडे ओढते, आणि उतारावर वेगात हँडल थरथरण्याची शक्यता वाढते. दोन्ही पॅनिअर न्या आणि दोहोंत जवळपास सारखे वजन ठेवा. अवजारे, ट्यूब, साखळी हे जड सामान तळाशी व पुढच्या बाजूला, म्हणजे चाकाच्या आसाजवळ राहील असे ठेवावे, कपडे वर. पॅनिअर इतके पुढेही सरकवू नयेत की पायडल मारताना टाच घासेल. कॅमेरा आणि दिवसाचे खाणे हँडलवरच्या छोट्या पिशवीत ठेवले की पुढच्या चाकावरही थोडा भार येतो आणि चढावर ते उचलल्यासारखे होत नाही. पिशवी दोन किलोंपेक्षा जड मात्र नको.

पाण्याचे कोणीच लिहिले नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. फ्रेमवरच्या दोन बाटल्या पुरेत, वाटेत भरत राहाव्यात. फक्त धामनोद सोडताना मांडूच्या चढासाठी एक लिटर जास्त घ्यावे.

घाटउतार

निघण्यापूर्वीच्या रविवारी हेच सगळे सामान, पाण्यासह, लादून राऊ आणि महूमार्गे जानापावच्या टेकडीवर जाऊन या. शेवटचा चढ चांगलाच तीव्र आहे, त्यामुळे नवे फ्रीव्हील पुरते की नाही ते तेथेच कळेल, आणि उतरताना ब्रेक व हँडल दोन्हींची परीक्षा होईल. परत आल्यावर कॅरिअरचे बोल्ट किती सैल झाले ते पाहा. काही खडखडत असेल किंवा टाच घासत असेल तर फोटोसह येथे टाका. निघायला तेव्हा अजून आठवडा हाती असेल.